पांढऱ्या साडीचा धबधबा

आमच्या गावाला रेल्वे नाही. रेवदंड्याहून आत, पोफळीच्या वाड्यांच्या मागे, भातखाचरांच्या कडेला आमची दहा-बारा घरं, एक विहार आणि एक बोअरिंग. एस.टी., रिक्षा आणि होडी, एवढीच वाहनं आम्हाला ठाऊक. तरी आमच्या घरातलं घड्याळ रेल्वेचं होतं, कारण बाबा गँगमन होते. रोह्याच्या पुढे डोंगरात, एका बोगद्याच्या तोंडापासून पुढच्या पुलापर्यंत, रुळावरून चालत जायचं, हातोडीनं ठोकून बघायचं, ढिलं वाटलं तर पान्यानं आवळायचं, दरड आली तर लाल झेंडी घेऊन धावत सुटायचं, हे त्यांचं काम. आठवडाभर ते तिकडेच खोलीवर राहायचे. सुट्टीला घरी आले की अंगणातसुद्धा एका स्लीपरवरून दुसऱ्या स्लीपरवर पाय टाकल्यासारख्या ढांगा टाकायचे. आई म्हणायची, "अहो, हितं गाडी न्हाय येत मागून. सावकाश चाला."

सगळे मला सांगतात, सुजाता, आता कशाला उकरून काढतेस? उकरणार. माझं आहे ते, मी उकरीन. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या लग्नाच्या निमंत्रणपत्रिका मांडण्यात गेली. पेणला झेरॉक्सच्या दुकानात कॉम्प्युटरसमोर बसून पाठीचं पार भुसकट झालं. अजून एखादं गिऱ्हाईक म्हणतं, "ताई, मागे जरा निसर्गबिसर्ग टाका ना, धबधबा वगैरे." मी तयार चित्रांतला एक धबधबा उचलते आणि टाकते. निळा असतो तो. त्यांना आवडतो. एकदा खराखुरा केला होता मी, हे त्यांना कशाला सांगू?

बाबांच्या टप्प्यात एक धबधबा होता. बोगद्यातून बाहेर आलं की डाव्या हाताला, कातळावरून थेट रुळाच्या गटारात उतरणारा. गाडीतली माणसं तो बघून "अय्या" म्हणेपर्यंत गाडी पुढे गेलेली असे. बाबा म्हणायचे, "त्यांना चार सेकंद दिसतो. आमी चालणारी मानसं. आमाला अर्धा तास दिसतो." सुट्टीत घरी आले की ओटीवर सुकटीची चटणी आणि तांदळाची भाकरी खाता खाता ते मला त्या पाण्याचं सांगायचे. मिलिंददादा तेव्हा अलिबागला क्लासला गेलेला असायचा, आई वालाच्या शेंगा सोलत असायची, ऐकायला मी एकटी. आषाढात त्याचा आवाज बोगद्याच्या आतूनच कसा ऐकू येतो, श्रावणात कसा तो तीन धारांचा होतो, दिवाळीनंतर कसा नुसता काळा डाग उरतो. आणि मग एकदा त्यांनी पन्हळीचं सांगितलं.

तो धबधबा पावसात इतका जोरात असे की त्याखाली बाटली धरली तर बाटलीच जाई. पण बाजूच्या कातळाला एक चीर होती, तिच्यातून बारीक, गोड पाणी पाझरायचं. ते दगडावरून पसरत खाली जायचं, हाताला लागायचं नाही. गँगची माणसं ओंजळ दगडाला चिकटवून उभी राहायची. बाबांनी एका सुट्टीत इथल्या एका वाडीतली पडलेली पोफळ मागून घेतली, उभी चिरली, आतला भुसा कोरून काढला आणि चार हात लांबीची पन्हळ करून खांद्यावर टाकून एस.टी.त चढले. कंडक्टर म्हणाला, हे काय? बाबा म्हणाले, पाव्हणा हाय, रोह्याला चाललाय. कंडक्टरनं हसत हसत पाव्हण्याचं अर्धं तिकीट फाडलं. ती पन्हळ त्यांनी चिरेत ठोकून बसवली आणि त्यानंतर सगळी गँग तिच्याखाली बाटल्या भरू लागली.

 मग आवाज खाली आणून म्हणाले, "आमच्यात एक म्हातारा व्हता, बाय. माझ्या बाटलीतलं पानी त्यानं कदी घेतलं न्हाय. तोंडानं काय बोलायचा न्हाय, पर तहान न्हाय म्हनायचा. भर उन्हात तहान न्हाय. पर पन्हळीखाली वाकून प्यायचा. पन्हळ माझ्या हातची हाय हे त्याला ठाव व्हतं. वाहतं पानी हाय ना, म्हनायचा, वाहत्याला काय लागत न्हाय." आणि बाबा हसले. ते हसू मला तेव्हा कळलं नाही. वाटलं, गंमत सांगतायत. मी पण हसले. हे कुणाला सांगू नको, असं ते म्हणाले नाहीत, पण मला कळलं की ही गोष्ट माझ्यापुरती आहे. मीही कुणाला सांगितली नाही.

पुढच्याच पावसाळ्यात दरड आली. बाबांनी झेंडी दाखवून गाडी थांबवली, गाडी थांबलीही, आणि सगळं झाल्यावर मागून घरंगळत आलेला एक धोंडा त्यांच्या उजव्या पावलावर बसला. पाऊल वाचलं, पण वाकडं झालं. त्यानंतर बाबा कायमचे घरी. ओटीवर बसायचे, घड्याळाकडे बघायचे आणि मध्येच म्हणायचे, "अकराची गेली असंल." मग आई त्यांच्यापुढे चहा ठेवायची. चालणाऱ्या माणसाला बसवलं की काय होतं ते मी तेव्हा बघितलं. ते कुणावर ओरडले नाहीत, काही नाही. फक्त अंगणातून बोअरिंगपर्यंत जायला काठी लागायची याची त्यांना इतकी लाज वाटे की ते तहानलेले बसून राहायचे, पण उठायचे नाहीत.

त्याच सुमारास दादाच्या डिप्लोमासाठी घरात जुना कॉम्प्युटर आला. मोठ्या डोक्याचा, पिवळट. आईनं त्याला क्रोशाचा रुमाल घातला. दादाच्या मित्रानं त्याला आगगाडीच्या खेळाची सीडी दिली. गाडी चालवायची, सिग्नल बघायचा, ब्रेक लावायचा. त्या खेळात आपला आपण नवा मार्गही बांधता यायचा, आणि दादानं मनावर घेतलं की बाबांचा टप्पा बांधायचा. हे श्रेय त्याला मी देते, कल्पना त्याची. रूळ त्यानं टाकले, पूल त्यानं बसवला, बोगदा त्यानं पाडला. झाडं लावायची वेळ आली तेव्हा मात्र साहेब कंटाळले. "सुजे, तू बारावीला नापास होऊन बसलीयस नाहीतरी. झाडं लाव." मी लावली. डोंगरच्या डोंगर माऊसनं लावणी केली. लावणीला कंटाळणाऱ्या घरातली मी नाहीच.

मग धबधबा. खेळाबरोबर एक तयार धबधबा मिळायचा, कुठल्या तरी थंड देशातला. मी तो कातळाला चिकटवला आणि बाबांना हाक मारली. ते काठी टेकत आले, बघितलं आणि म्हणाले, "ह्यो कुनी निळीत बुडवून काढला?" बस्स. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हटलं, थांबा, करूनच दाखवते.

खेळातला धबधबा म्हणजे काय, तर एक उभा पडदा. त्यावर पाण्याचं चित्र चिकटवायचं आणि ते चित्र वरून खाली सरकवत राहायचं. पहिल्यांदा मी उलटा आकडा टाकला आणि पाणी कातळ चढायला लागलं. बाबा म्हणाले, "आषाढात वारा आसला की जातं जरा वर. पर येवढं शानं न्हाय." दुसऱ्यांदा सरळ पडलं, पण भिंतीवर चुना ओतल्यासारखं. "नळ सोडलाय कुनी?" तिसऱ्यांदा, चौथ्यांदा, दहाव्यांदा. मी रडकुंडीला येई आणि ते शांतपणे म्हणत, "पानी येकदम पडत न्हाय, बाय. आधी दगडावर बसतं. मग उतरतं." हे वाक्य मी अजून कधीकधी दुकानात बसून मनात म्हणते. तेव्हा मला त्याचा अर्थ कळायला बांधावर जाऊन बसावं लागलं. वरच्या खाचरातून खालच्या खाचरात पाणी जातं तिथं अंगावरचे कपडे ओले होईपर्यंत बसले. खरंच, पाणी कडेला येऊन जरा फुगतं, थांबतं, आणि मग तुटतं. मी एकाऐवजी तीन पडदे केले, एकामागे एक; मागचा हळू, मधला जरा जलद, पुढचा विरळ आणि सगळ्यात जलद पळणारा. आणि कडेला, कातळाच्या ओठावर, एक चौथा छोटासा, जवळजवळ न हलणारा. बसणारं पाणी.

पण पडद्यावर चिकटवायला चित्र कशाचं? पाण्याचा फोटो काढला की नुसता पांढरा धुरळा येई. शेवटी आईची पांढरी साडी काढली. चौदा एप्रिलला आणि बुद्धपौर्णिमेला नेसायची ती एकच बरी साडी, ट्रंकेत घडी घालून ठेवलेली. ती ओटीच्या वाशावरून खाली सोडली, चुण्या पाडल्या आणि दादाच्या फोनवर फोटो काढले. आई बाजारातून आली ती बघतच राहिली. "अगं ए भवाने! माझी साडी काय पडदा हाय व्हय?" मी म्हटलं, धबधबा आहे. एक धपाटा बसला. साडीला पदराकडे हळदीचा एक डाग होता, कुठल्याशा लग्नातला. तो चित्रात आला, मला पुसता आला नाही, आणि दर चार सेकंदांनी एक पिवळा ठिपका पाण्याबरोबर खाली यायचा. मी बाबांना म्हटलं, एवढा काढते मी कसाही. ते स्क्रीनजवळ वाकले. "काडू नको. पान वाहत येतंय. येतात तशी, किंजळीची." मग तो डाग राहिला.

आवाजाला तर महिना गेला. बोअरिंग, मोरीतला नळ, पत्र्यावरचा पाऊस, सगळं झालं. बाबा डोळे मिटून ऐकायचे आणि मान हलवायचे. एका दुपारी आई भात पाखडून पत्र्याच्या डब्यात ओतत होती आणि ओटीवर डुलकी काढणारे बाबा ताडकन उठून बसले. "काय झालं?" आईनं विचारलं. ते म्हणाले, "परत वत." आईनं परत ओतलं. "परत." आईला वाटलं, माणसाच्या डोक्यावर परिणाम झाला. मी फोन घेऊन धावले. तांदळाच्या त्या आवाजानं माझा धबधबा बोलायला लागला.

सगळ्यात शेवटी मी पन्हळ केली. सात चपट्या पट्ट्या जोडून गोलसर केलेली, आतून काळपट, एका टोकाला जरा वाकडी, बाबांनी सांगितली होती तशी. तिच्या टोकाला पाण्याची एक बारीक धार. ती बसवायला मी बाबांना बोलावलं नाही; आधी बसवली आणि मग हाक मारली. त्या खेळात गाडीतून उतरून रुळाच्या कडेनं चालता येतं, बाणाचं बटण दाबलं की नजर पुढे सरकते. मी बाबांचं बोट बटणावर ठेवलं. बोगद्यातून ते निघाले. आधी आवाज आला. मग उजेड, मग डाव्या हाताला पाणी. ते चालत राहिले, थांबले, वळले. पन्हळ दिसली.  बटणावरचं बोट उचललं, परत ठेवलं, आणखी जवळ गेले. खूप वेळानं म्हणाले, "पाय न दुखता आलो गं हितवर." नंतरचे दोन-तीन महिने ते रोज सकाळी जेवणाआधी त्यांचा टप्पा चालून यायचे. आई हाक मारायची, "कुठं हायेत?" मी सांगायची, "ड्युटीवर गेलेत." माझ्या उभ्या आयुष्यात मी केलेलं एवढं एकच काम आहे जे बघून मला वाटलं की हो, हे मी केलंय.

आता ती जेवणावळ. नवी मुंबईत एक कंपनी होती, नाव सांगत नाही, ड्रायव्हर लोकांना शिकवायला असलेच खेळ करायची. दादा तिथं मुलाखत देऊन आला होता. तिथले एक साहेब रविवारी मुरूडला चालले होते, ते म्हणाले, वाटेत येतो, तुझं काम बघतो. घरात लगीनघाई. आईनं रेवदंड्याहून कोलंबी आणि पापलेट आणलं, शेजारून चार खुर्च्या आणल्या, पांढऱ्या कांद्याची माळ दाराला टांगली. दादानं मला आदल्या दिवशी बाजूला घेऊन सांगितलं, "सुजे, उद्या जरा सांभाळून घे हां. सगळं मिळून आपलंच आहे ना?" मी म्हटलं, आपलंच आहे. खरं सांगते, मला वाटलं, तो म्हणेल, सर, धबधबा बहिणीनं केलाय. मला वाटलं. सतरा-अठरा वर्षांच्या पोरीला काय वाटायला पैसे पडतात?

साहेब भला माणूस होता, आवडीनं जेवला. जेवता जेवता दादानं कॉम्प्युटर लावला. स्टेशन बघून साहेब "बरं" म्हणाले, पूल बघून "बरं" म्हणाले. बोगद्यातून गाडी बाहेर आली आणि त्यांचा घास हातातच राहिला. "थांबव. मागे घे. परत." दादानं तीनदा मागे घेतलं. साहेब म्हणाले, "अरे, हे पाणी! हे कुणी केलं?"

मी भाकऱ्यांची टोपली घेऊन दारात उभी होते. दादा म्हणाला, "मीच सर."

मी दादाकडे बघितलंच नाही. मी बाबांकडे बघत होते. ते साहेबांच्या शेजारी पाटावर, वाकडं पाऊल एकीकडे काढून बसले होते. साहेबांनी त्यांच्याकडेच वळून विचारलं, "काका, पोरगा म्हणजे कलाकार आहे तुमचा. त्यानंच केलं?" बाबांनी हातातला पापलेटचा काटा ताटाच्या कडेला ठेवला. इतका सावकाश ठेवला. म्हणाले, "व्हय. त्यानंच केलं."

त्यावर थांबलं असतं तरी मी कदाचित गिळलं असतं. पण साहेब बारकाईनं बघणारे. "आणि हे इथं काय आहे, तपकिरी? लाकूड?" दादा पुढे वाकला. माझ्या भावानं तो धबधबा कधी धड बघितलाच नव्हता. तो गाडी चालवून पुढे जाणारा, त्याला चारच सेकंद दिसायचा. "तो... पाईप आहे सर. ड्रेनेजचा." साहेबांनी पुन्हा बाबांकडे बघितलं. "हो का काका? असतात असे पाईप?"

 मनात म्हटलं, मला नाही म्हणालात, ठीक आहे. पण ही तुमची आहे. हिला एस.टी.नं, खांद्यावरून, अर्ध्या तिकिटावर नेलीत. हिच्याखाली तो म्हातारा वाकला. हिला तरी नाही म्हणू नका.

"पाईपच हाय," बाबा म्हणाले. "आसतात तसे. घ्या साहेब, कालवन घ्या." आणि दाराकडे न बघता मला म्हणाले, "सुजे, भाकर वाड गं."

मी भाकर वाढली.  चांगली गरम भाकर वाढली.

दादाला नोकरी लागली. गावभर पेढे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाबांसमोर जाऊन उभी राहिले. "तुम्ही असं का केलंत?" ते पायाला तेल चोळत होते.  मग म्हणाले, "तू आमचीच हायस, बाय. त्याला भाईर जायचंय." मी म्हटलं, "मला नाही जायचं बाहेर?" आतून आई ओरडली, "पोरीला कोन धाडतंय नवी मुंबईला? गप ऱ्हा जरा!" मी बाबांकडेच बघत होते. "आणि पन्हळ? ती तरी तुमची होती ना?" तेव्हा त्यांनी मान वर केली. म्हणाले, "साहेबानं इचारलं असतं, कसली पन्हळ, का बसवली. मग समदं सांगावं लागलं असतं. पाव्हण्यासमोर कशाला ते." मग हळूच, "पानी पिऊन गेला की तो म्हातारा. आमी बी गिळलंच ना?"

मी काय बोलले ते मला पक्कं आठवतं, कारण ते मला शोभलं नाही. मी म्हटलं, "तुम्ही गिळलं म्हणून मी पण गिळू?" आणि निघून गेले.

कॉम्प्युटर आणखी आठवडाभर घरात होता. मग दादा तो नव्या खोलीवर घेऊन जाणार होता. जायच्या आदल्या सकाळी बाबा काठी टेकत माझ्याजवळ आले. मशीन मलाच लावता यायचं. "चल गं," ते म्हणाले, "येक फेरी मारून येऊ." मी तांदूळ निवडत होते. मान वर न करता म्हटलं, "कुठं? पाईपाकडे?"

त्यांनी काठी वळवली. मग ओटीवर जाऊन बसले. पुन्हा कधी म्हणाले नाहीत. दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर टेम्पोत चढला, आणि बाबांचा टप्पा पण गेला. नंतर फोन आले, मोठे मोठे फोन आले, दादानं घरी टीव्हीएवढा स्क्रीनसुद्धा आणला एकदा, पण बाबांनी कधी "दाखव" म्हटलं नाही. एक फेरी मागितली होती त्यांनी. एक. भावानं माझं काम आपल्या नावावर घेतलं, बाबांनी ते देऊन टाकलं, सगळं खरं, पण ती फेरी मी नाकारली. याचं खापर मला कुणावर फोडता येत नाही, आणि त्याचाच मला सगळ्यात राग येतो.

लग्नानंतर एकदा खेडला जाताना मी तो धबधबा खरा बघितला. खिडकीत नाक लावून बसले होते. बोगदा संपला, डाव्या हाताला काळा कातळ आला आणि गेला. मार्च महिना होता. पाणी नव्हतं. पन्हळ होती की नव्हती तेही कळलं नाही. समोरच्या बाईनं विचारलं, काय बघताय? म्हटलं, काही नाही, डाग आहे एक.

बाबा गेले तेव्हा मिलिंददादा कंपनीत पार वर पोचला होता. आमच्याकडे पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम असतो; विहारात सगळे जमतात, वंदना होते, आणि गेलेल्या माणसाबद्दल लोक उठून चार शब्द बोलतात. बायका एकीकडे, पांढऱ्या साड्यांत. आई माझ्या शेजारी होती. तीच साडी, पदराकडे तोच डाग, आता जुना होऊन विटकरी झालेला. दादा उभा राहिला. बोलायला तो हुशार आहेच. म्हणाला, "बाबांचा पाय गेला तेव्हा मी त्यांना त्यांचा धबधबा घरात आणून दिला. प्रत्येक धार मी हातानं केली. बाबा तासन् तास बघत बसायचे. पाण्याजवळचा तो पाईपसुद्धा मी विसरलो नव्हतो." लोकांनी डोळे पुसले. एका काकांनी हुंदका दिला.

मी उभी राहिले. मला साडी, तांदूळ, ती जेवणावळ, सगळं बोलायचं होतं. पण तोंडातून निघालं एवढंच: "पाईप न्हाय. पन्हळ."

 दादा माझ्याकडे बघत राहिला. मागून कुणीतरी म्हणालं, "ताई, बसा. दुःखात हाय बिचारी." आईनं माझा हात धरून खाली ओढलं. कार्यक्रम पुढे चालू झाला.

जेवणं झाल्यावर दादा बोअरिंगपाशी आला. मी भांडी विसळत होते. म्हटलं, आता भांडण. भांडायला मी तयारच होते, इतक्या वर्षांचं साठवलेलं होतं. पण तो माझ्या शेजारी उकिडवा बसला, हातपंपाचं पाणी तोंडावर मारलं आणि अगदी मऊ आवाजात म्हणाला, "सुजे, ती पन्हळ तिथं आली कुठून गं? बाबांनी सांगितलं होतं का तुला काही? मला बाबांवर लिहायचंय, फोटोसकट टाकीन. असं काही खास असलं ना, की लोकांना भिडतं."

त्याचे डोळे खरंच लाल होते. तो खोटं रडत नव्हता. मी ते बघितलं, आणि तरी म्हटलं, "मला नाही माहीत."

"काहीच नाही?"

"नाही."

तो उठून गेला. मी सगळी भांडी विसळली, पालथी घातली. सगळं घेतलंस तू, मनात म्हटलं, पण ती गोष्ट बाबांनी मला दिलीय. आज ती इथं लिहून काढली, कंडक्टरसकट, त्या म्हाताऱ्यासकट. मिलिंदच्या हाती कधी हे पुस्तक पडलं तर त्याला कळेल. पण तो चाळतो नुसतं, थांबून वाचत नाही.